आकडीतली बाई

ऐनाच्या झाडावर वीस हात वर, दोन्ही पाय बेचक्यात रुतवून मी शेत भाजायच्या राबासाठी पालेदार फांद्या तोडत होतो, तेव्हा माझ्या कमरेतून एक बाई बोलली.

"अकरा वाजून दहा मिनिटं," ती म्हणाली. "बॅटरी एकसष्ट टक्के."

मी एकाहत्तर वर्षांचा माणूस. झाडावर मला आजवर पुष्कळ जण भेटलेत. एकदा शेजारच्या फांदीवर वानर येऊन बसलं आणि त्यानं माझ्याकडे तंबाखू मागितली. चुना नको म्हणाला, दाढेला झोंबतो. पण बाई कधी भेटली नव्हती, आणि तीही पाठीमागून. माझा तोल गेला. खाली येता येता वाटेतल्या तीन फांद्या अंगानं मोडल्या, म्हणजे तेवढं काम तरी झालं, आणि मी पाल्याच्या ढिगावर बसता झालो.

कोयता अडकवायला कमरेला मागच्या बाजूला आम्ही लाकडी आकडी बांधतो. कमरेच्या पंच्याला खिसा नसतो, म्हणून मी मोबाईलही त्याच आकडीत कोयत्याशेजारी खोचतो. वाडीतले सगळे म्हातारे तसेच खोचतात. दुसऱ्या फांदीवर सरकताना मी कोयता आकडीत टाकला होता. त्याच्या पात्यानं मोबाईलच्या कडेची दोन बटणं, आवाज वाढवायचं आणि कमी करायचं, एकदम दाबून धरली. तेवढ्यानं दृष्टी नसलेल्यांसाठी केलेली सोय सुरू होते, म्हणे. हे मला मुलानं संध्याकाळी सांगितलं. सकाळी अकराला मला एवढंच कळत होतं, की मोबाईलमध्ये बाई शिरलीय आणि ती बाहेर निघत नाहीय.

मी एका चित्राला बोट लावलं. ते उघडायचं सोडून त्याच्याभोवती हिरवी चौकट आली आणि बाई म्हणाली, "कॅमेरा. चालू करण्यासाठी दोनदा टॅप करा." दुसऱ्याला लावलं. "घड्याळ. चालू करण्यासाठी दोनदा टॅप करा." काही चालू होईना. बोटानं पान सरकवायला गेलो तर पान जागचं हलेना, वर बाईनं वाटेत लागलेल्या प्रत्येक चित्राचं नाव वाचून दाखवलं. इतर कुठल्या दिवशी मी हा मोबाईल गोठ्यात टांगून ठेवला असता, बैलांना वेळ कळली असती. पण त्या दिवशी पाचच्या आत मला त्याच्यावर एक बोट दाबायचं होतं.

ते बोट असं. शिमगा आठ दिवसांवर आलेला. आमच्या वाघजाईची पालखी शिमग्यात घरोघर जाते. वाडीत घरं एकसष्ट, त्यातली निम्मी कुलूप लावून मुंबईला. त्यामुळे पालखी कुठे न्यायची आणि कुठे नाही, याची यादी मुंबईचं मंडळ करतं. मंडळाचा सेक्रेटरी विनेश. त्यानं ग्रुपवर दोन रेघा टाकल्या होत्या, एक 'घर उघडं', एक 'घर बंद'. घरटी एक नंबर, त्यानं स्वतः दाबायचं. जो काहीच दाबणार नाही त्याचं घर बंद धरलं जाईल. मुदत आज संध्याकाळी पाच.

मी घरी आलो तेव्हा मैना, म्हणजे माझी बायको, पडवीत पावटे सोलत होती.

"कुनाशी बोलताव?"

"मी न्हाय बोलत. ही बोलते."

"ही कोन?"

"मोबाईलमधली. झाडावर असताना शिरली."

"हातपाय धुवा आन् जेवा," मैना म्हणाली. "थापा जेवल्यावर मारा."

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. बाई म्हणाली, "होम स्क्रीन. दोनपैकी पान एक." मैनाच्या हातातला पावटा सुपात पडायचा तो खाली पडला.

"घर उघडं दाबलाव ना?"

मी पंच्याची गाठ घट्ट करू लागलो.

"चार दिस झाले," ती म्हणाली. "चार दिस रोज इचारते."

आता खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, आपल्या आधी कोण कोण दाबतंय ते. पहिल्याच दिवशी दाबलं तर लोक म्हणतात, म्हाताऱ्याला उद्योग नाही. हे मैनाला सांगण्यासारखं नव्हतं. ती सुपाकडे बघत बसली, आणि मैना गप्प बसली की मला जेवण उतरत नाही.

तिचं कारण मोठं होतं. आमच्या जीवनला, मुलाला, लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. तिचं नाव 'पूर्वी', वय दहा महिने. मैनानं वाघजाईला बोलून ठेवलं होतं, की मूल होऊ दे, पालखी माझ्या दारात आली की त्याला पालखीखालून काढीन, तुझी ओटी भरीन. देवळात नाही, पालखी मांडतात त्या सहाणेवर नाही, माझ्या दारात. जीवननं त्यासाठी कंपनीतून दोन दिवसांची रजा काढली होती. ती रजा कशी मिळाली ते सांगत नाही, कारण ते खरं आहे आणि ऐकायला कंटाळवाणं आहे.

"जीवनला फोन लावा," मैना म्हणाली.

"कशावरून लावू? आन् त्याचा मोबाईल कंपनीच्या गेटावर जमा. सुटल्यावर मिळतो."

न जेवता मी मिनीडोर रिक्षा पकडली आणि बोर्लीला गेलो. वाटेत बाई गप्प बसेना. मिनीडोर आदळली की माझं बोट लागे आणि ती बोले, "बॅटरी एकोणसाठ टक्के." समोर बसलेल्या बाईनं पदर सावरला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढच्या फाट्यापर्यंत डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.

बोर्ली पंचतनच्या नाक्यावर साहिलचं मोबाईलचं दुकान आहे. पोरगा हुशार, पण हातात दोन मोबाईल, कानात तिसरा.

"काका, हा व्हायरस हाय," तो न बघताच म्हणाला.

"व्हायरस मराठी बोलतो?"

"आजकाल सगलं बोलतात." त्यानं माझा मोबाईल घेतला आणि सुपारी कातरावी तसा बोटांनी कातरायला लागला. बाईला एक शब्द पुरा करू देईना. "सेटि... बॅ... डिस्प्... मोठा... रंग..." असं तिचं चाललं होतं. मला तिची दया आली. मध्येच त्याला गिऱ्हाईक आलं, मग कानातला माणूस ओरडला, मग परत माझ्यावर आला. त्याच्या बोटाखाली काय काय उघडलं ते त्यालाही सांगता येईना. शेवटी अक्षरं भोपळ्याएवढी झाली. एका वेळी काचेवर दोनच मावत. आणि रंग उलटे झाले, पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. मागच्या पडद्यावर माझा आणि मैनाचा फोटो होता. त्यात आमची तोंडं भुतासारखी निळी पडली, आणि माझे केस मात्र काळेभोर झाले. दिवसभरात माझं तेवढं एकच बरं झालं.

"आवाज बंद झाला का रे?"

"न्हाय."

"मग तू केलंस काय?"

"काका, रीसेट मारायला लागेल. सगलं पुसलं जाईल. ग्रुप, नंबर, फोटो, सगलं. मारू?"

"मला ग्रुपवर एकच बोट दाबायचं हाय, साहिल. एक. पाचच्या आत."

"मग रीसेट नको," साहिल म्हणाला. "मग तसाच ऱ्हाऊ दे." आणि तो गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या काउंटरवर मोबाईल आपटावा असं मला वाटलं. पण मोबाईल माझा होता.

परतीची मिनीडोर भरेपर्यंत अर्धा तास गेला. ड्रायव्हर म्हणाला, अजून दोन सीट पाहिजेत. मी म्हटलं, आमच्याबरोबर एक बाई आहे, तिची सीट धर. त्याला ते काही पटलं नाही.

घरी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हे बाईनंच सांगितलं. पडवीत चांगदेव बसला होता. चांगदेव आमचा गावकर, म्हणजे वाडीचा पुढारी म्हणा. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि ते चार वर्षांचं अंतर तो मला अजून माफ करत नाही. मैनानंच त्याला बोलावून आणलं होतं.

"धर्मादा, आयकलं," तो म्हणाला. "लय वाईट झालं."

"मंग विनेशला फोन लाव तुझ्या मोबाईलवरून. सांग, धर्माजीचं घर उघडं हाय. तू डोल्यानं बघतोस."

चांगदेवनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. विनेश ऑफिसात होता, हळू आवाजात बोलत होता.

"धर्मा आजोबा, तोंडी निरोप धरायचा नाही असं ठरलंय आपलं."

"ठरलंय, पण माझा मोबाईल चालत न्हाय."

"आत्ता काय झालं मोबाईलला?"

मी सांगितलं. झाड, कोयता, बाई, साहिल, भोपळे, काळे केस, सगळं क्रमानं, एक अक्षर वाढवलं नाही.

"आजोबा," विनेश म्हणाला, "अजगर बरा होता."

हा टोमणा मी समजलो. दोन वर्षांपूर्वी पालखीच्या दिवशी मी निरोप धाडला होता, की वरच्या पायवाटेवर अजगर आडवा पडलाय, इतका जाड, की लोक त्यालाच पायवाट समजून चालतायत. म्हणून पालखी खालच्या शेतातून आणावी. खालच्या शेतातून आणली की माझं घर पहिलं लागतं. वरून आणली की त्रेचाळिसावं. शेतात पाणी सोडलेलं होतं, पालखी आणणारे चिखलात गुडघाभर रुतले. वरच्या वाटेवर अजगर सापडला नाही. मी म्हटलं, निघून गेला असेल. तेव्हापासून तोंडी निरोप बंद झाला. नियम एकसष्ट घरांना, पण केला माझ्यासाठी.

"विनेश, या खेपेला खरं हाय रे."

"आजोबा, मी एकट्यानं नियम मोडला तर बाकीचे माझा जीव खातील. तुम्ही नुसतं बोट दाबा ना. एक बोट." आणि त्यानं फोन ठेवला.

एक बोट. दिवसभर सगळे मला तेच सांगत होते. माझ्या हाताला दहा बोटं आहेत, दहाही लावून झाली होती. मैना चुलीवरचा चहा घेऊन आली, पण कप माझ्यापुढे न ठेवता चांगदेवपुढे ठेवला.

"वयनी, काय करनार," चांगदेव म्हणाला. "माजा जीव तुटतो. नियम हाय, न्हायतर मी सोता पालखी तुमच्या दारात आनली असती." हे बोलता बोलता तो मांडीवरच्या मोबाईलवर अंगठा फिरवत होता. मला वाटलं, विनेशला समजावतोय. माझं मन भरून आलं.

तेवढ्यात माझा मोबाईल बोलला. कुणी बोट लावलं नव्हतं.

"वाघजाई ग्रामस्थ. चांगदेव. म्हातारा नवीन थाप घेऊन बसलाय, मोबाईलमध्ये बाई शिरली म्हणे. आनंदाश्रू असलेला चेहरा. आनंदाश्रू असलेला चेहरा. यंदा सुटलो, पालखी त्याच्याकडे न्यायला नको. आनंदाश्रू असलेला चेहरा."

बाईनं हे सगळं, त्यातल्या हसऱ्या तोंडांच्या चित्रांसकट, एका सुरात वाचलं, बॅटरी किती टक्के सांगावी तसं. चांगदेवचा अंगठा हवेतच राहिला. त्याला वाटलं होतं, या म्हाताऱ्याचा मोबाईल चालत नाही म्हणजे हा वाचणार कुठून. बाईची गोष्ट खरी असू शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी तोंड उघडणार होतो. चाळीस वर्षांची साठवण होती. पण मैना आधी बोलली.

"भावजी, चा घ्या."

"वयनी, ती आपली गंमत..."

"घ्या. थंड व्हईल." ती त्याच्या समोरच बसली. "नऊ वर्सं सुनेनं औषदं खाल्ली. तुमच्या घरातून मी अंगारा न्हेला होता, तुमच्या आईनं दिला होता. आठवतं? माझ्या दारात पालखी आली न्हाय, तर मी वाघजाईला सांगायचं काय? की ह्यांनी अजगर बघितला म्हनून?"

चांगदेवनं कप उचलला आणि परत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दे इकडं तो मोबाईल. तिघं मिलून बघू."

चार पस्तीस. आम्ही तिघं डोकं लावून बसलो. ग्रुपचं चित्र सापडलं. चांगदेवनं बोट लावलं, बाई बोलली, हिरवी चौकट आली. "चालू करण्यासाठी दोनदा टॅप करा."

"दोनदा म्हनते ना ती?" चांगदेव म्हणाला. "कर ना मंग."

"सकालपासून करतोय. हे बघ." मी एकदा टॅप केलं. बाई सुरू झाली. तिचं सगळं बोलून संपेपर्यंत मी थांबलो, मग दुसऱ्यांदा टॅप केलं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

चांगदेवनंही तसंच केलं. तोही थांबला. आमच्या वाडीत पुरुष माणूस घरात कितीही ओरडो, परकी बाई बोलत असली की मध्ये तोंड घालत नाही. बोटही घालत नाही. दोघं म्हातारे मान खाली घालून तिचं बोलणं संपायची वाट बघत होतो, आणि तिचं बोलणं काही संपत नव्हतं. चार बेचाळीस. चार अठ्ठेचाळीस. मला त्या बाईला हात जोडून सांगावंसं वाटलं, की ताई, तू म्हणशील तसं करतो, पण एकदाचं कर.

"सरका," मैना म्हणाली.

तिनं आयुष्यात कुणाचं बोलणं संपायची वाट बघितलेली नाही. माझं तर नाहीच. बाई "वाघजाई ग्राम" इथपर्यंत आली होती, तेवढ्यात मैनानं तांदळाच्या भाकरीवर मारावेत तसे दोन थापटे मारले, टप टप, एकाला एक लागून.

ग्रुप उघडला.

आम्ही दोघं मागे सरकलो. काचेवर भोपळ्याएवढं एक 'व' आणि अर्धा 'घ' दिसत होता, पुढचं काही नाही. मैनानं बोट खाली खाली नेलं. बाई वाचत गेली, चांगदेवचे आनंदाश्रू पुन्हा एकदा वाचून झाले, तेव्हा त्यानं खांबाकडे बघितलं. मग ती म्हणाली, "घर उघडं. निवडलेले नाही." टप टप.

"निवडले."

चार छप्पन्न. मैनानं बोट काढून पदराला पुसलं, जसं काही चटका बसला होता.

"झालं?" मी विचारलं.

"आता मला काय इचारता. तिला इचारा."

पण आमचा तिच्यावर तरी भरवसा कुठे होता. साहिलनं काय काय फिरवून ठेवलं होतं, देव जाणे. बोट बरोबर रेघेवर पडलं की शेजारच्या, हे माझ्या काचेवर डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. चांगदेवच्या मोबाईलवर बघावं, हे त्या गडबडीत तिघांपैकी कुणाला सुचलंच नाही. आम्ही तसेच बसून राहिलो. पाच वाजून सहा मिनिटांनी ग्रुपवर विनेशची यादी पडली. मैनानं तिच्यावर एकच बोट टेकवलं, लगेच उचललं आणि आम्हा दोघांना सांगितलं, "आता हात लावाल तर बघा." कारण बोट लागलं की बाई होतं ते सोडून दुसरंच वाचते, एवढं आम्हाला दिवसभरात कळलं होतं.

बाई वाचू लागली. एक. गणराज. घर उघडं. दोन. रतन. घर बंद. तीन. घर बंद. चार. घर बंद. पाच. घर उघडं. ज्या घरांवरून मी रोज जातो, ज्यांची कुलपं मला तोंडपाठ आहेत, ती घरं ती एकेक करून सांगत होती. रोज जाता-येता काही वाटत नाही. पण असं कुणी एका दमात, ओळीनं वाचायला लागलं, घर बंद, घर बंद, घर बंद, की बसल्या जागी अंग जड होतं. एरवी मी तिथं काहीतरी बोललो असतो. बाराव्या घरातल्या म्हातारीनं एकदा बिबट्याला पायलीनं हाणलं होतं, ते तरी सांगितलं असतं. जमलं नाही.

"एकोणीस. चांगदेव. घर बंद."

चांगदेव उभाच राहिला.

"माजं कसं बंद? मी हितं बसलोय."

"दाबलंस का तू?" मी विचारलं.

त्यानं मांडीवरून पडलेला स्वतःचा मोबाईल उचलला आणि नुसता हातात धरला. गेले चार दिवस तो दुसऱ्यांना दाबायला सांगत फिरत होता. "परत आयकूया," तो म्हणाला, "चुकली आसंल ती," आणि त्यानं माझ्या मोबाईलकडे हात नेला. मैनानं तो मनगटापाशी धरला.

"आमचं यायचंय अजून."

"वयनी, एकडाव..."

"चोवीस घरं. थांबा."

मैनाच्या हाताला पावट्याचा वास होता आणि पकड अशी, की शिमग्यात ढोल उचलणाऱ्यालाही सुटता आलं नसतं. हे वाढवून सांगत नाही. चांगदेव खाली बसला. वीस, एकवीस, बावीस. बाईला कसलीच घाई नव्हती. तिसाव्याला तिनं दम घेतला की मोबाईल अडकला कळेना, आणि आम्ही तिघंही पुढे वाकलो. मग ती पुन्हा चालू झाली. अडतीस, घर बंद. एकोणचाळीस, घर बंद. चाळीस. एक्केचाळीस, घर उघडं. बेचाळीस, घर बंद.

"त्रेचाळीस. धर्माजी. घर उघडं."

मैनानं चांगदेवचं मनगट सोडलं. बाई पुढे वाचतच राहिली, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. तिला कुणी थांबवलं नाही.

चांगदेव पायऱ्या उतरत विनेशला फोन लावत होता. "अरे, माजं घर उघडं हाय," असं तो सांगत होता, आणि पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो अंगणात मध्येच थांबला.

"भावजी," मैनानं पडवीतून हाक मारली. "यंदा तुमच्या माणसांना घेऊन आमच्याकडंच या ओटी भरायला. पोरीला पालखीखालून काढायला चार हात लागतील."

त्यानं मान डोलावली. मग मैनानं चांगदेवनं न प्यायलेला चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. तो पार थंड झाला होता. मी प्यालो.